तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये

सासू लिफ्टमध्ये अडकली त्या दुपारी घरात कोणाला फारसं वाईट वाटलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नवरा म्हणाला, "मला तर लिफ्टचीच कीव येते." त्यांची लेक चिमी खुदकन हसली. सुनेनेही भांडी विसळता विसळता हसू दाबलं.

सासूला अख्खी इमारत मागून 'करवत' म्हणायची. पेपर टाकणाऱ्यापासून इमारतीच्या सेक्रेटरीपर्यंत तिच्या तोंडातून कोणी सुटला नव्हता. तिची वरची कवळी सैल होती आणि सासू चिडली की टाळूवरून सुटून टक-टक वाजायची. जिन्यात ती टकटक ऐकू आली की मुलं खेळ आवरून घरात पळायची. आणि गंमत अशी, की सून कवळ्याच बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून मापं यायची, ती त्यावरून प्लास्टरचे साचे ओतायची, मेणात एकेक दात बसवायची, गुलाबी हिरड्या घासूनपुसून चकचकीत करायची. सासूसाठी नवी कवळी करायची म्हणून तिने मापही घेतलं होतं, पण बाहेरच्या कामातून सवड म्हणून होत नव्हती. त्याच दिवशी सकाळी सासू म्हणाली होती, "गावाला दात वाटत फिरतेस आणि घरातली म्हातारी बसलीय टाळ वाजवत." सून म्हणाली, "मग बोलणं कमी करा, आई. वाजणार नाही." यावरून दोघींची चांगलीच जुंपली. सासू पिशवी उचलून तरातरा बाहेर निघून गेली, ती परत येताना वीज गेली आणि लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली.

वीज आली. लिफ्ट धडधडत पाचव्या मजल्यावर पोचली. सून दारातच उभी होती, दिवसभराची बोलणी खायची तयारी ठेवून. जाळीचा दरवाजा सरकला, सासू बाहेर आली, तिने सुनेकडे पाहिलं आणि तिच्या हातातली पिशवी गळून पडली. सामान जिन्यावरून घरंगळत गेलं. सासूने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढे येऊन तिने सुनेचे दोन्ही गाल हातात धरले. हात थरथरत होते.

"दमली असशील गं," ती म्हणाली. "बस तू. मी करते सगळं."

"काय?" सून म्हणाली.

त्या दिवसापासून घराचा नूरच पालटला. सासू पहाटे उठून सगळ्यांचे डबे भरू लागली. शेजारणीला हाक मारून चहाला बोलावू लागली. सेक्रेटरीची तिने माफी मागितली, तेव्हा तो बिचारा दोन पायऱ्या मागे सरकला होता. चिमीला मांडीत घेऊन ती तासन्‌तास बसायची. पण जास्त करून ती सुनेकडे बघत बसायची. सून कपडे वाळत घालायला गेली की ती दारात, सून आरशासमोर उभी राहिली की ती मागे. डोळे सारखे भरलेले. सुनेला कामावरून घरी यायला जरा उशीर झाला, तर ही रस्त्यावर उभी असायची, तोंड पांढरंफटक पडलेलं.

एक दिवस सुनेच्या स्कूटरची किल्ली सापडेना. सगळं घर उलथंपालथं केलं. शेवटी ती तांदळाच्या डब्यात, अगदी तळाशी सापडली. सासू खाली मान घालून म्हणाली, "बसने जात जा ना. माझ्यासाठी."

आणि ती लिफ्टमध्ये पाऊल टाकायची नाही. पाच मजले, दुखऱ्या गुडघ्यांनी, कठड्याला धरून चढायची. इमारतीत तिचं कौतुक झालं. या वयात काय तो व्यायाम, म्हणे.

सुनेला मात्र झोप लागेना. काय चुकतंय ते तिला धड सांगता येत नव्हतं. एका सकाळी चहा गाळताना तिच्या एकदम लक्षात आलं, की घरात टकटक वाजत नाहीये. सासू आता कमी बोलत होती असं नाही. उलट जास्तच बोलत होती. पण कवळी वाजत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सासू आंघोळीला गेली असताना सुनेने बेसिनवरच्या वाटीतली कवळी उचलली आणि खिडकीशी नेली. ती जुनी सैल कवळी नव्हती. नवी होती, नेमकी बसणारी. सुनेने ती उलटी करून टाळूची बाजू पाहिली. मागची कड बोटाने पुसल्यासारखी गोल केलेली होती, जीभ लागू नये म्हणून. तशी कड ती स्वतः करायची. पुढचे दोन दात किंचित वाकडे बसवलेले होते, खरे वाटावेत म्हणून. तेही तिचंच. ते काम तिच्या हातचं होतं. आणि तिने ते केलेलं नव्हतं.

कामावर गेल्या गेल्या ती मागच्या फळीपाशी गेली. सासूच्या जबड्याचा साचा होता तिथेच होता. धूळ खात. त्यावर मेणाचा एक थरसुद्धा चढलेला नव्हता.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो पलंगावर बसून मोजे काढत होता.

"म्हणजे तुझं म्हणणं काय?" त्याने विचारलं.

"त्या आई नाहीत."

"मग कोण आहे?"

"ते मला माहीत नाही. पण त्या आई नाहीत. तुम्हाला दिसत नाही का? तुमची स्वतःची आई आहे."

नवऱ्याने मोजा खाली टाकला. "माझी आई जन्मात पहिल्यांदा कोणाशी गोड बोलतेय. मी लहान होतो तेव्हापासून मी याची वाट बघतोय. आणि आता ते झालंय, तर तुझ्या पोटात दुखतंय?"

सुनेला त्याचा राग आला नाही. त्याचा चेहरा इतका निवांत तिने लग्नानंतर कधी पाहिला नव्हता. पण मग आपण वेड्या होत चाललोय की काय? आणि समजा, आपण वेड्या नसलो, तर खरी म्हातारी आहे तरी कुठे? आठवडा उलटून गेला होता. ती कुठे झोपते, काय खाते, आणि मुख्य म्हणजे कोणाशी भांडते?

दुसऱ्या दिवशी कामावरून परत येताना ती लिफ्टमध्ये शिरली. लिफ्ट जुनीपुराणी, तिसरा मजला सोडल्यावर दरवेळी एक गचका द्यायची. त्या दिवशी गचका बसला आणि सुनेने काही विचार न करता लाल बटण दाबलं. लिफ्ट थांबली. दिवा मंद झाला. जाळीतून समोर नुसती भिंत. घंटीच्या खाली भोकंभोकं पाडलेला एक पत्रा होता. अडकलेल्या माणसाला बोलता यावं म्हणून कधीकाळी बसवलेला. वर्षानुवर्षं त्यातून आवाज आलेला कोणी ऐकला नव्हता. सुनेने घंटी दाबली.

आधी नुसती खरखर आली. मग आलं, टक.

"कोण आहे तिकडे? का मेलात सगळे?"

सुनेने तोंड पत्र्याजवळ नेलं. "आई?"

मग सासूचा आवाज आला, पण असा आवाज सुनेने तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "तू बोलतेयस?"

"हो. मीच."

"परत बोल."

"मी बोलतेय, आई. तुम्ही कुठे आहात?"

"कुठे म्हणजे? लिफ्टमध्ये. रोज संध्याकाळी इथे येऊन लाल बटण दाबते आणि घंटी वाजवत बसते. लोक म्हणतात म्हातारीचं डोकं फिरलं. सेक्रेटरी तर दोनदा येऊन गेला. त्यालाही सुनावलं." टक, टक. "हे आपलं घर नाही. दिसायला सगळं तेच आहे. तोच पाचवा मजला, तीच दारं. तुझा नवरा आहे, पण दाढी वाढवून भिंतीकडे तोंड करून बसतो. चिमी आहे, पण बोलत नाही."

"आणि मी?"

पत्र्यातून फक्त खरखर आली.

"आई, मी कुठे आहे तिकडे?"

"तू स्कूटर चालवू नकोस," सासू म्हणाली. "ऐकतेयस ना? ती विकून टाक, नाहीतर भंगारात दे. पण बसू नकोस तिच्यावर."

सून लिफ्टच्या कोपऱ्यात खाली बसली. तांदळाच्या डब्यातली किल्ली तिला आठवली. रस्त्यावर उभं राहून वाट बघणारी ती बाई आठवली, गालांवर ठेवलेले ते थरथरते हात आठवले.

मग दोघींनी जमेल तसा हिशेब लावला. त्या दुपारी वीज दोन्हीकडे एकदमच गेली होती. दोन्हीकडच्या लिफ्ट एकाच जागी अडकल्या होत्या. अंधारात ही तिकडे गेली, ती इकडे आली. परत यायचं तर दोघींनी पुन्हा त्याच जागी असायला हवं आणि पुन्हा वीज जायला हवी. आणि सासूने सांगितलं, की तिकडे सोमवारी लिफ्ट काढणार आहेत, नवी बसवायला. सुनेने तळमजल्यावरच्या फळ्यावर तीच सूचना आताच वाचली होती.

"वीज तोडूनच काढतील," सासू म्हणाली. "तेवढा एकच वेळ आहे. तू तिला घेऊन ये."

"त्या लिफ्टला हातसुद्धा लावत नाहीत."

"मग पाया पड तिच्या," सासू म्हणाली, आणि लगेच, "नाहीतर मला इथेच मरावं लागेल गं." तेवढ्यात वरच्या मजल्यावरून कोणीतरी जाळी बडवू लागलं, लिफ्ट हलली आणि आवाज तुटला.

रविवारी दुपारी नवरा चिमीला घेऊन बागेत गेला. दुसरी, म्हणजे ती गोड सासू, स्वयंपाकघरात चिमीच्या गणवेशाचं बटण शिवत होती. सून तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"मी आईंशी बोलले," ती म्हणाली. "लिफ्टमधून."

दुसरीची सुई थांबली. तिने काही नाकारलं नाही. "मला वाटलंच होतं, तुला कळणार," ती म्हणाली. "तिथेही तुझ्या नजरेतून काही सुटायचं नाही."

"तुमची कवळी मी केली होती?"

"हो. माझ्या वाढदिवसाला दिलीस. मी म्हटलं, रंग चुकलाय. रंग अगदी बरोबर होता." तिने दोरा तोडायला तोंडापाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. "मग एके दिवशी तू स्कूटरवरून कामाला निघालीस. ओला रस्ता होता. त्या सकाळीही मी तुला काहीतरी बोललेच होते. काय बोलले तेसुद्धा आठवत नाही. रोजचंच काहीतरी."

आपल्याच मरणाची गोष्ट ऐकताना माणसाने काय म्हणायचं असतं?

"त्या दुपारी लिफ्ट वर आली," दुसरी म्हणाली, "जाळी उघडली आणि तू दारात उभी. हातात ओला टॉवेल, कपाळाला आठ्या. मला वाटलं मीच मेले. म्हटलं, मरण इतकं चांगलं असेल तर असू दे."

"तुम्हाला परत जावं लागेल," सून म्हणाली.

"नको म्हणूस तसं."

"आई तिकडे अडकल्यात."

"तिला काय कमी आहे तिथे? घर आहे, मुलगा आहे." दुसरीने गणवेश बाजूला सारला. "मला तुझ्याकडून काही नको. बोलू नकोस माझ्याशी. मी कोपऱ्यात पडून राहीन. फक्त तू घरात येता-जाताना मला दिसत राहा."

सुनेने तिचे हात धरले. "तिकडे चिमी आहे."

"म्हणूनच," दुसरी म्हणाली, आणि आता ती उघड रडत होती. "ती माझ्याकडे बघते. काही विचारत नाही, नुसती बघते. रोज सकाळी तिचे केस विंचरायला बसले की माझे हात चालत नाहीत. मला नाही जमत ते. मी हरलेय गं. तू मला माणूस समज किंवा नको समजूस, पण मला तिकडे ढकलू नकोस."

ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि तिने आतून कडी घातली. सून दाराशी बसून विनवत राहिली. नवरा परत आला तेव्हा त्याने काय पाहिलं, तर आपली बायको बंद दाराशी आणि आतून आईचे हुंदके. त्या रात्री तो सुनेशी एक शब्दही बोलला नाही.

सोमवारी सकाळी तो चिमीला शाळेत सोडून कामाला गेला. सुनेने कामावर आजारी असल्याचं कळवलं. आतल्या खोलीची कडी अजून लागलेलीच होती. खाली लिफ्टवाले हत्यारांच्या पेट्या घेऊन आले होते आणि त्यांचा म्होरक्या गच्चीवर चढायच्या बेतात होता.

"मला एकदा लिफ्ट वापरू द्या," सून म्हणाली.

"काही सामान आहे का?"

"माणूस आहे."

त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. रात्रभर जागलेली, केस विस्कटलेले, पायात दोन वेगवेगळ्या चपला. "बरं," तो म्हणाला. "मी वर मशिनची झाकणं खोलतो तोवर काय ते उरकून घ्या. मग वीज तोडणार. तोडायच्या आधी हाक देईन."

ती आत शिरली. तिसरा गेला, गचका बसला, तिने लाल बटण दाबलं. घंटीवर बोट ठेवून ती ओरडली, "आई."

"आहे मी. सकाळपासून आहे. आली का ती?"

"नाही." सुनेचा आवाज फुटला. "दार उघडत नाहीत. मी सगळं करून पाहिलं. मला नाही जमलं, आई."

टक वाजलं.

"मग राहू दे," सासू म्हणाली. "रडू नकोस. मी राहते इथे. या पोरीची वेणी कोणी नीट घालत नाही, बापाला कपडे धुवायची शुद्ध नाही, कोणीतरी ओरडायला हवंच इथे. आणि ऐक, वीज तोडतील तेव्हा तू लिफ्टमध्ये थांबू नकोस. तुझ्याबदल्यात तिकडे यायला इथे कोणी नाही. कुठे जाशील कोणास ठाऊक. बाहेर पड आताच."

"मी नाही पडणार."

"बाहेर पड म्हणते ना."

"तुम्हाला सोडून मी कुठेही जाणार नाही. मला त्या गोड बोलणाऱ्या बाई नकोत. मला तुम्ही हव्यात. माझ्याशी भांडायला मला तुम्हीच हव्यात." ती पत्र्यावर तळहात आपटत होती. आवाज लिफ्टच्या बोगद्यातून वरखाली घुमत होता, सगळ्या मजल्यांवर ऐकू जात होता, आणि तिला त्याचं भान नव्हतं.

पलीकडे काहीतरी हललं. कोणीतरी कुजबुजलं. सासू दबक्या आवाजात म्हणाली, "तू जा घरी, ऐक माझं." ते सुनेला नव्हतं. मग पत्र्यातून एक लहान आवाज आला.

"आई?"

तो चिमीचाच आवाज होता. शाळेत सोडलेल्या चिमीचा नाही.

"पोटात दुखतंय सांगून घरी राहिली," सासू घाईघाईने म्हणाली. "माझ्यामागे आली, मला कळलंच नाही. मी तिला पाठवते."

"आई, तू आहेस ना?" लहान आवाज म्हणाला.

हो म्हणावं की नाही? कुठलंही उत्तर त्या पोरीवर अन्यायच करणारं होतं. सुनेने कपाळ पत्र्याला टेकवलं, आणि रोज संध्याकाळी दारातून आत येताना जे तोंडात यायचं तेच आलं.

"जेवलीस का गं?"

"जेवले," चिमी म्हणाली. मग, "आई, माझी आजी तिकडे आहे का? ही आजी खूप ओरडते. ही चांगली आहे, पण माझी नाही. तिला सांग ना, मी तिच्याकडे नुसती बघत नाही. मला काय बोलायचं तेच कळत नाही म्हणून बघते."

वरच्या जिन्यात कशाचा तरी आवाज झाला. सुनेने मान वर केली. लिफ्टचा वरचा भाग चौथ्या मजल्याच्या फरशीच्या वर आलेला होता आणि जाळीतून तिला दोन पावलं दिसली. दुसरी कठड्याला धरून उभी होती. ती केव्हा उतरून आली आणि तिने किती ऐकलं होतं, कोणास ठाऊक. तिचे डोळे सुजून लाल झाले होते.

"लिफ्ट वर घे," ती म्हणाली.

सुनेने बटण सोडवलं. लिफ्ट चौथ्यावर आली, सून बाहेर पडली. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. गच्चीवरून म्होरक्याची हाक आली, "बाई, वीज तोडतोय हं."

"थोडं थांबा," सून ओरडली. "एवढी एकच फेरी."

दुसरीने तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. कपाळ, भुवया, हनुवटी. जणू बोटांना पाठ करायचं होतं. "तुझ्यावर ओरडले नाही मी इतके दिवस," ती म्हणाली. "तेवढं जमलं."

"मला माफ करा," सून म्हणाली.

"तू कशाला माफी मागतेस? मीच लपून बसले होते." ती लिफ्टमध्ये शिरली. जाळी तिला ओढवेना, सुनेलाच बाहेरून ती लावावी लागली. "माझी पोर माझी वाट बघतेय," दुसरी स्वतःशीच म्हणाली, आणि तिने बटण दाबलं.

लिफ्ट खाली सरकली. गचका ऐकू आला. ती थांबली. सून जाळीला चिकटून खाली बघत होती. मंद दिव्यात आतलं काही दिसत नव्हतं. पत्र्यातून दबकं बोलणं ऐकू येत होतं, शब्द लागत नव्हते. मग सासूचा आवाज स्पष्ट आला, "पोरीला बाहेर काढलंय. मी आत आहे. तोड म्हणावं."

"तोडा," सुनेने गच्चीकडे तोंड करून हाक दिली.

सगळा जिना अंधारला. कुठल्या तरी घरातला पंखा गरगरत थांबल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. सुनेने जाळी घट्ट धरली. हाक मारायची तिची हिंमत होत नव्हती. समजा, कोणीच बोललं नाही तर? समजा, लिफ्ट रिकामीच असली तर? दोघीही गेल्या, असं झालं तर? मनातल्या मनात ती कोणाकोणाला विनवत होती ते तिचं तिलाही कळत नव्हतं.

"आता काय दिवसभर इथेच ठेवणार का मला?" खालून आवाज आला. "गुडघे आखडलेत माझे."

लिफ्टवाल्यांनी हाताने चाक फिरवून लिफ्ट चौथ्यावर आणली. म्होरक्याला वाटलं, म्हातारी अडकली आणि आता आपल्याला बोलणी बसणार. ती बसलीच. जाळी उघडल्यावर सासूने आधी त्याला झापलं, मग सेक्रेटरीच्या नावाने दोन शब्द काढले, मग सुनेकडे वळून म्हणाली, "हा काय अवतार करून उभी आहेस? दोन पायांत दोन चपला." आणि एवढं बोलून ती तिच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली. हलेचना. सून तिला धरून पायरीवर बसली. लिफ्टवाले हत्यारं आवाजही न करता उचलून गच्चीकडे गेले.

संध्याकाळी नवरा घरी आला, तेव्हा सासूने त्याला दारातच बुटांवरून फैलावर घेतलं. त्याने एकदा आईकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि एक लांब उसासा सोडला. "संपलं म्हणायचं," तो म्हणाला. त्याला सुनेने पुन्हा काही समजवायचा प्रयत्न केला नाही. त्याच्या वाट्याला आलेले ते काही दिवस त्याच्यापाशी राहावेत, असं तिला वाटलं. स्कूटर मात्र तिने त्याच आठवड्यात विकली.

सासू तिकडचं फारसं बोलायची नाही. नवी लिफ्ट बसली, गुळगुळीत पोलादी दारांची, कुठेही गचका न देणारी. सून येता-जाता तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये कान टवकारायची आणि काही ऐकू यायचं नाही. एके दिवशी दोघी खिडकीशी भाजी निवडत बसल्या होत्या. चिमी आत अभ्यास करत होती. सुनेच्या मनात कितीतरी दिवस जे घोळत होतं, ते तिने शेवटी विचारलं.

"त्या दिवशी ती जेवले म्हणाली. खरंच जेवली होती का?"

सासूने हातातली जुडी खाली ठेवली. "नाही," ती म्हणाली. "आदल्या दिवसापासून पोटात काही नव्हतं. तुझ्या जिवाला घोर नको, म्हणून म्हणाली."

सून खिडकीबाहेर बघत राहिली. सासूने तिला रडू दिलं. मग ती म्हणाली, "आता तिची आजी गेलीय ना तिकडे. ती भरवेल. त्या बाईच्या हाताला चव आहे, ते मला आल्या आल्या कळलं. तुम्ही तिघंही अंगाने चांगले सुटलात इतक्या दिवसांत."

सुनेला रडता रडता हसू आलं. सासूने पुन्हा जुडी हातात घेतली आणि सुनेने निवडून ठेवलेल्या ढिगातली एक पिवळ्या पानाची काडी उचलून तिच्यासमोर धरली. "आणि हे काय निवडलंयस?" ती म्हणाली. "डोळे कुठे होते तुझे?"